लाभापासून मोजणी

सांगली मार्केट यार्डात, हळदीच्या गाळ्यावर
चौगुल्यांच्या पेढीचा वजनकाटा जुना आहे.
पोटात वायफायची चिप, दोन हजार चार सालची.
रुकसाना म्हणाली, काटा बदला.
जिनगोंडाअण्णा म्हणाले, काटा खरा आहे,
तुमची हवा बदला.

हवा बदलायला मी शिडीवर.
नाकाला रुमाल, तरी सात शिंका.
खाली लॅपटॉपवर हवेतली एकेक फ्रेम उतरत होती
आणि मी प्रत्येकीची जात विचारत होतो.
जात नको म्हणू, वाण म्हण, रुकसाना म्हणाली.
बरं, वाण.
जसं राजापुरी, जसं सेलम.

ओळखायची खूण एकच:
एक अक्षर काटकोनात वळलेलं असतं.
ठिपके आडवे पडायचे ते उभे राहतात.
कुठेच वळलं नाही तर बोलणारा जुना,
आमच्या काट्यासारखा, सावकाश, सरळ.
सुरुवातीलाच वळलं तर समजायचं हिरवं रान,
जिथे जुनं कुणी नाहीच असं धरून बोलणं चाललंय.
आणि आधी जुन्यांची पूर्ण ओळख, जुन्या चालीत,
मग वळण,
तर मिश्र.

मिश्रात एक खोटं आहे, प्रमाणग्रंथात राजरोस छापलेलं.
जुन्यांना वेग सांगायचा सहा,
जो खरा नाही,
आणि लांबी अशी बेतायची की भागाकार करून
जुन्याने नेमका तेवढाच वेळ गप्प बसावं.
मी ते खोटं तीनदा पडताळलं.
इतक्या काळजीने कुणी कुणाशी खोटं बोलल्याचं
मला तरी आठवत नाही.

मंगळवारी मी हिरवं रान चालू केलं.
दर फ्रेममागे बारा मायक्रोसेकंद वाचतात,
ती कागदावरची बचत मला बघायची होती.
अकराला सौदे सुरू झाले.
काट्याला आसपास नुसती खरखर,
त्याला वाटलं कुणीच बोलत नाही,
म्हणून तो बोलला.
सगळ्यांच्या बोलण्यावर बोलला.
एकवीस पोत्यांची वजनं
हवेतल्या हवेत फुटली.

अण्णा काही बोलले नाहीत.
त्यांनी फक्त भरमूकडे पाहिलं.
भरमू तोलाईदाराने कानामागची पेन्सिल काढली,
पहिल्या पोत्यावर हात ठेवला
आणि म्हणाला,
लाभ.

एक नाही म्हणाला. पहिल्याला एक म्हणत नाहीत.
लाभ म्हटल्याबरोबर हमाल थांबले,
कुपवाडचा खरेदीदार फोन कानावरून खाली घेऊन उभा राहिला,
चहावाल्या पोराने किटली टेकवली.
मोजणी सुरू झाली एवढं सगळ्यांना कळलं.
पुढचं, कसर किती, तूट किती, कुठला ढीग कुणाचा,
ते भरमू आणि दिवाणजी आपसात
अशा झपाट्याने बोलले
की मला त्यातलं अक्षर कळलं नाही.
मी गप्प होतो मात्र.
मोजणी संपेपर्यंत गप्प होतो.

दुपारी मिश्र चालू केलं.
नोंदीत उभे ठिपके, त्यांच्याआधी आडवे,
जागच्या जागी.
काट्याला आता कळतंय का? अण्णांनी विचारलं.
कळत नाही अण्णा,
पण कधी गप्प बसायचं ते कळतंय.
अण्णा सुपारी कातरत म्हणाले,
मग आमच्या धाकट्यापेक्षा बरा.

रुकसानाने अहवालात लिहिलं:
बारा मायक्रोसेकंदांचा तोटा.
मी ती ओळ खोडली नाही. तोटा आहेच.
फक्त वरच्या कोऱ्या जागेत, तारखेच्या आधी,
पेन्सिलीने एक शब्द लिहिला,
ज्याला ऑफिसात कुणी विचारलं नाही.

रात्री विश्रामबागेत, मोरीत,
शर्टाच्या कॉलरला साबण लावला
तर हळदीचा पिवळा डाग
वळून लाल झाला.