भांगाचं पाणी

अष्टमी होती, हे आम्हाला ठाऊक होतं.
भांगाचं पाणी, ना धड भरती ना धड सुकती.
अशा दिवशी शहाणा माणूस घरी जाळं शिवत बसतो.
पण उल्हासची रजा नेमकी अष्टमीला मंजूर झालेली,
आणि भावाने जहाजावरून आणलेला नवा रॉड, चाकासकट,
तीन महिने त्याच्या कपाटावर आडवा.

पहाटे साडेचार. कामुर्लीचा धक्का. आम्ही पाच जण.
घाटावरून उतरलेला वारा
कानांच्या पाळ्या शोधत होता.
फटूने बायकोची शाल पांघरलेली,
पहिली दहा मिनिटं त्या शालीवरच गेली.
होडी रोकची, वल्हं रोकचं, अर्धी बाटलीही रोकची.
बाबुसो फेरीबोटीवर मशीन बघतो. तो म्हणाला,
'ह्या धुक्यात आमचा कॅप्टन दोरसुद्धा सोडायचा नाही,'
आणि सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसला.

तुयेचा दिवा आधी गेला.
मग होडीचं नाक. मग माझेच गुडघे.
नांगर टाकला तेव्हा दोर फारसा गेला नाही,
पण थंडीत कोण दोर मोजतो?
जिवंत सुंगटं गरीला लावली. तीही गारठलेली,
शेपटी झटकायचासुद्धा आळस.
'चोणक आज अंथरुणात,' फटू म्हणाला.
तास गेला. काळुंदरदेखील नाही.
एक कुर्ली लोंबकळत वर आली,
अर्ध्या वाटेत तिने आम्हाला बघितलं
आणि सोडून दिलं.

धुक्यात एक बरं असतं.
बोलणाऱ्याला तोंड नसतं.
उल्हास म्हणाला, बढती नको असं लिहून दिलंय, आईला कोण बघणार.
मी माझ्या डाव्या डोळ्यातल्या ठिपक्याचं सांगितलं.
बाबुसो म्हणाला, 'पूल झाला की मला कुठे टाकतील, देव जाणे.'
मग बराच वेळ नुसते थेंब,
टोपीवरून मांडीवर.

मग रोकच्या बाजूने:
'भाट दिलं. नदीकडचं. सगळे माड धरून.
नाताळाआधीच सही झाली.
घरात अजून बोललो नाही.'

बाटली माझ्याकडे होती. पुढे करायची राहिली.

तेवढ्यात पदेराचा भोंपू, पों पों,
इतका जवळ, की उंड्यांचा वास यावा.
'हा काय पाण्यावरून सायकल हाणतो?'
फटू हसला. एकटाच.

धुकं वर गेलं नाही, विरलं,
ओल्या कागदासारखं, आधी मधोमध.
आणि बघतो तर होडी चिखलात,
पुढचा अर्धा भाग कोरडा,
आमचे पाचही गळ वीतभर पाण्यात,
आणि धक्का वीस पावलांवर.
अडीच तास आम्ही कुठेही गेलो नव्हतो.

मधल्या त्या वीस पावलांत
गुडघाभर गाळात, कासोटा खोचून, एर्मेलीन.
रोकची एर्मेलीन.
हातात पाटली, पाटली तिसऱ्यांनी अर्ध्याहून जास्त भरलेली.
अर्धी पाटली भरायला किती वेळ लागतो,
हा हिशोब त्या क्षणी प्रत्येकाने केला असावा.
तिने पाटलीत हात घालून दोन रिकामे शिंपले काढले,
पाण्यात फेकले.
'दुपारपर्यंत पाणी येत नाही,' ती म्हणाली.
'उतरून चला.'

आम्ही उतरलो. चपला हातात, रॉड बगलेत,
उल्हासचं ते चाक चिखलातून फरफटत.
रोक सगळ्यात शेवटी उतरला.
पाटली धरायला त्याने हात पुढे केला.
तिने ती दुसऱ्या कमरेवर घेतली.

संध्याकाळी त्यांची मुलगी सायकलवरून आली,
चौघांच्या घरी चार पिशव्या, वरून बांधलेल्या.
'मामीने दिल्या? आणि तुम्ही काय धरलंत?'
घरात विचारलं. मी पाय धूत होतो.

तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवतात,
म्हणजे त्या पोटातला चिखल सोडतात.
दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठलो.
अंधारात टोपातून बारीक आवाज येत होता,
एक उघडत होती,
मग थांबून दुसरी.