पुकारा

हजेरीपटात तुझं नाव नव्हतं.
शेठ म्हणाला, कोण अंकम?
आला असेल रात्रीचा झोपायला, आमचा माणूस नव्हे.
बाहेरून कुलूप कुणी घातलं
ते त्याला कुणी विचारलं नाही.

टॉवेलचे गठ्ठे आतून सावकाश जळतात म्हणे.
तीन दिवस अक्कलकोट रोडला धूर होता,
चौथ्या दिवशी पलीकडच्या शेडमधले माग
खटक खटक सुरू झाले.
मीही त्याच दिवशी पान भिजवलं.
लोक म्हणाले, बाई दगडाची आहे.
दगडाला संध्याकाळी दोन पोरं जेवायला मागत नाहीत.

तारखेला गेलं की पाचशे विड्या बुडतात.
म्हणून सूप घेऊनच गेले कोर्टात.
शिपाई ओरडला, इथं विडी चालत नाही.
म्हटलं, मी ओढत नाही बाबा, वळते.
पुढच्या तारखेला त्यानंच पंख्याखाली जागा दाखवली.
पंख्यानं तंबाखू उडतो,
मी आपली जिन्याखाली.

मध्ये एकदा शेठचा माणूस घरकुलात आला.
पाकीट ठेवलं सुपात. जाड होतं.
खोटं कशाला बोलू, उचलून वजन बघितलं.
सरोजाची फी राहिली होती, पत्रा गळत होता.
सोबतच्या कागदावर लिहिलं होतं :
मयत इसम आमच्याकडे कामास नव्हता.
पाकीट परत दिलं
आणि रात्रभर स्वतःवरच चिडत राहिले.

चेकर रोज छाट काढतो,
ही सैल, हिचं तोंड उघडं, ही चिरलेली.
पैसे कापतो, विड्या मात्र घेऊन जातो.
हिशेबात नसलेली विडीही
कुठंतरी पेटतेच.

सहा वर्षं झाली.
वकील बदलला, साहेब तीन बदलले,
शिपायाचे केस पिकले.
तारीख पुढं गेली की बाकीचे कपाळाला हात लावतात.
मी तुला खरं सांगू, राजमल्लू?
बारा-साडेबाराला,
बाहेर डांबर मऊ झालेलं असतं,
तेव्हा तो दारात येतो, छाती भरून घेतो
आणि त्या लांब व्हरांड्यात ओरडतो,
मयत राजमल्लू नरसय्या अंकम तर्फे वारस...
राजमल्लू नरसय्या अंकम...
पायरीवरचा शेठचा माणूस चपलेकडे बघतो.
तिसरी हाक येईपर्यंत
मी हातातला दोरा तोडत नाही.
मग सूप बाजूला सारते,
पदरावरची तंबाखूची भुकटी झटकते,
आणि म्हणते,
हजर.