चपलांपाशी

भाऊबीज. बिबवेवाडी, तिसरा मजला.
दाराबाहेर चपलांचा ढीग,
आत टीव्हीच्या वरताण बोलणारी माणसं.
नचिकेत उंबऱ्यावरच थिजला.
माझ्या दोन बोटांभोवती त्याची अख्खी मूठ.

"अगंबाई, केवढा झाला! ये, पापी दे."
"लाजतोय."
"बोलत नाही का हा?"
"शाळेतली कविता म्हणून दाखव बरं."

आलोच, म्हटलं,
आणि पायरीवरचा लवंगीचा कचरा झटकून
आम्ही जिन्यात बसलो.

पोटात काय होतंय?
"भुईचक्र."
विझत आलंय?
"नाही."
बरं. मग विझेपर्यंत बसू.

त्याने चपला जुळवायला घेतल्या.
ही कोल्हापुरी, अंगठा शिवलेला, प्रभाकरकाकांची.
ही चंदेरी सुलभाआत्याची, तिला चावते,
तरी दर सणाला हीच.
हे बूट? रोहनदादाचे. रात्रपाळीवरून थेट आलाय.
पायांकडून ओळखी होत गेल्या.
चेहऱ्यांचं नंतर बघू.

सहा वर्षांचा असताना मला
बखोटीला धरून पाटावर उभं केलं होतं,
श्लोक म्हणायला.
अजून कुणी "दोन शब्द बोला" म्हटलं
की तळवे ओले होतात.
हे त्याला सांगितलं.
त्याने माझा तळवा उघडून पाहिला,
आणि आपल्या विजारीला पुसला.

आतून काका गरजले, "अनारसे संपतायत रे!"

नचिकेतने आमचे दोन जोड
दाराच्या अगदी जवळ मांडले,
तोंडं जिन्याकडे करून.
"चल. पण पापी नाही देणार."
नको देऊस.