घर्षण

ब्रेबेसच्या अलीकडे, पादचारी पुलावर
सकाळी सहापासून उभी आहे रात्री.
नावच तिचं रात्री. जावामध्ये ठेवतात असं.
हातात मोजणीचं यंत्र, अंगठ्याला घट्टा,
खाली उत्तर किनाऱ्याचा महामार्ग.

तक्त्यात मोटार म्हणजे एक.
ट्रक अडीच. त्याच्या मागच्या फळीवर रंगवलेली बाई
'उशिरा ये, पण ये' म्हणते,
ती हिशेबात धरायची नाही.
दुचाकी म्हणजे पाव:
नवरा, बायको, मध्ये चेपलेलं पोर,
हँडलला उलट्या टांगलेल्या जिवंत कोंबड्या,
सगळे मिळून पाव.

पांढऱ्या रंगात मार्गिका आखल्यात.
समीकरणाचा त्यांच्यावर विश्वास आहे, रस्त्याचा नाही.
ट्रकांच्या फटींतून दुचाक्या उतरत जातात
गोट्यांच्या डब्यात वाळू ओतावी तशा.
प्रबंधात तिनं लिहिलं, 'झिरपतात'.
परीक्षकांनी शब्दाखाली लाल रेघ मारली.

कास्नावीनं चहाच्या टपरीवर विचारलेलं, मी किती?
त्याची तीनचाकी सायकलगाडी, वर कांद्याची पोती,
रोज उलट्या बाजूनं, कडेकडेनं.
तिनं पुस्तक चाळलं. पायडलला आकडा नाही.
रस्ता ओलांडणारी शाळेची पोरं, मध्येच थांबणाऱ्या बसगाड्या,
त्यांच्याबरोबर एका रकान्यात तो सापडला.
'कडेचं घर्षण', तिनं वाचून दाखवलं.
तो हसला. म्हणाला, बायकोही हेच म्हणते.

गुरुवारी, नऊ चौदाला, त्याचं पोतं उसवलं.
तो उतरला. एकेक कांदा उचलू लागला,
अजिबात घाई न करता.
एका ट्रकनं ब्रेक दाबला, मागच्यानं जरा जास्त,
त्याच्या मागच्यानं आणखी.
जो तो पुढेच निघालेला,
आणि थांबणं तेवढं मागे मागे चालत गेलं
ताशी पंधराच्या वेगानं.

ते साखर कारखान्याच्या फाटकाशी पोचलं तेव्हा
बारा मिनिटं झाली होती,
कास्नावी बाजारात भाव करत होता,
आणि तिथून दार्सोचा फोन आला:
इथे सगळं ठप्प आहे, बसचा ड्रायव्हर विचारतोय,
पुढे झालंय काय?

रात्रीनं कठड्यावरून वाकून पाहिलं.
रस्ता वाहता.
एक कांदा राहिलाय मधल्या रेघेवर,
लहानसा, लाल,
आणि अडीच, एक, पाव,
सगळे त्याला चुकवून जातायत.