तूट

साळवे बाईंनी दळणाच्या पावतीमागं लिहून दिलं होतं:
कणीक दोन वाट्या, साखर एक, तूप अर्धी,
दही एक वाटी, आंबट असलं तरी चालेल,
सोडा नखावर मावेल एवढा.
वरून पेरायला गूळ, दालचिनी, चिमूट पीठ, बोटांनी चुरलेलं.
अन् सगळ्यात वर नाव: कॉफी केक.

अन् कॉफी किती, बाई?
त्या हसल्या. घालायची नसते, गोकर्णाबाई,
सोबत प्यायची असते.
पट्टा चालू होता.
मला ऐकू आलं, सोबत यायची असते.
म्हटलं, कुठं?

सेलूत कॉफी मिळते,
पण आमच्या गल्लीत ती ताप उतरल्यावर देतात,
नाहीतर मुलगी बघायला पाहुणे आल्यावर.

पिठाचं मात्र मला सांगू नका.
गिरणीवर एकवीस वर्षं गेली.
बन्सी गहू दोनदा दळला, पदरातून गाळला,
अंगठ्यानं घासून बघितला,
चावत नव्हता.

कुकरची रिंग काढली, शिट्टी काढली,
तळाला दुधनेची वाळू पसरली.
दासराव दारातूनच म्हणाले,
काय करायलीस? वाळू शिजवायलीस का?
हाव, म्हटलं, थांबा, वाढतेच.

पहिला करपला.
म्हशीनं खाल्ला. तिला कॉफी लागली नाही.

दुसरा फुगत होता,
अन् मीच घाई केली, झाकण उचललं.
मधोमध बसला,
तान्ह्या लेकराच्या टाळूसारखा,
अन् वरचा सगळा चुरा घरंगळून त्या खड्ड्यात.
ज्वारीच्या गरम धुळीवर दालचिनीचा वास चढला.
हरभऱ्याची डाळ दळायला आलेलं पोरगं
डबा घेऊन उभंच राहिलं, नंबर गेला तरी.

सवयीनं काट्यावर ठेवला.
सातशे चाळीस ग्रॅम.
घातलेलं साडेआठशे भरलं होतं.
दळणातही तूट येते, लोक भांडतात,
मी सांगते, जात्यानं खाल्लं, हवेत उडालं.
हे कुठं गेलं
मला कुणी विचारलं नाही.

बाईंच्या खोलीवर गेले
तर खाट उभी केलेली, स्टो सुतळीनं आवळलेला.
बदली किनवटला. रात्रीची गाडी.
कॉफीची डबी पेटीत, पेटीला कुलूप,
किल्ली कुठल्या पिशवीत ते त्यांनाच आठवेना.

मग खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून
आम्ही उभ्यानंच खाल्ला, तांब्यातल्या पाण्यासोबत.
मी कडेचा चांगला तुकडा पुढं केला.
त्यांनी मधला घेतला,
बसलेला.

पावती अजून खिळ्याला आहे.
पालथी केली की माझंच अक्षर:
साळवे बाई, ज्वारी पाच किलो, बाकी चार रुपये.
ते मी अजून
वहीत चढवलेले नाहीत.