अर्धं पाऊल

फ्राय बेंतोसमध्ये, नदीकडच्या उतारावर
विल्मार एचेगारायचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे.
सतरा वर्षं बचावफळीत काढली त्यानं,
चार क्लब, एकाच गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया,
गोल तीन,
त्यातला एक आपल्याच जाळ्यात.
गावाला तेवढाच आठवतो.
स्क्रू मोजून घेताना कुणीतरी विषय काढतंच.
"चेंडू ओला होता," म्हणतो तो,
आणि एक स्क्रू जास्त टाकतो.

बायको सांगते, रविवारी रात्री हा झोपेत लाथा झाडायचा,
मी भिंतीला चिकटून निजायची.

काल ओमार बिदेगाइन आला.
नऊ नंबरचा.
बगलेत थर्मास, पोट सुटलेलं.
न्हाणीच्या दाराला कडी हवी होती.
याच माणसाच्या सावलीवर पाय ठेवून
विल्मारनं नव्वद-नव्वद मिनिटं काढलेली;
त्याच्या घामाचा वास सख्ख्या भावापेक्षा ओळखीचा.
कडी कागदात बांधली. सुटे दिले.
बोलणं असं काही झालं नाही.

बिदेगाइन दाराकडे वळला
तसा काउंटरमागे विल्मार,
दुखऱ्या गुडघ्यानिशी,
अर्धं पाऊल डावीकडे सरकला.

दाराच्या काचेत बिदेगाइनला ते दिसलं.
हसला नाही.
उजवीकडून गेला.