बाकी सतरा

त्या साली नोटा इथेच छापत होत्या,
नाशिकरोडला, तारेच्या कुंपणाआड,
आणि गावात दोन पैशांची मोड मिळत नव्हती.
तांब्याचा पैसा लढाईवर गेला, म्हणत.
काही म्हणत, वितळून हंडे झाले त्याचे.
देवळालीचा गोरा सोल्जर पाचाची नोट धरून
केळीवालीसमोर उभा राही,
ती नुसती मान हलवी.

त्र्यंबकशेट कोठावद्यांनी मग
वडनेरे तांबटांकडून पितळी पत्र्याचे बिल्ले पाडून घेतले.
चारशे. एका अंगाला ‘को’,
दुसऱ्या अंगाला ‘अधा आणा’. रफार राहिला तो राहिलाच.
राजाचं तोंड नाही, साल नाही.
शेटची जबान, तेवढंच नाणं.

मी तेव्हा रामकुंडात बुड्या मारायचो.
वर येताना हात मोकळे लागतात,
म्हणून सापडेल ते गालात.
चांदीची चव गार. तांब्याची आंबट.
पितळेची त्याच वर्षी कळली:
यात्रेकरूंना मोड म्हणून बिल्ले मिळत
आणि ते बिल्लेच गंगेला वाहत.
बुधा म्हणाला, “गंगामाय काय घेणार रे
शेटच्या दुकानात? अर्ध्या आण्याची हळद?”

लढाई संपली. शेटने दवंडी पिटवली:
बिल्ले आणा, पैसे न्या.
तीनशे त्र्याऐंशी आले.
वहीत लिहिलं, बाकी सतरा.
दर पाडव्याला नव्या वहीत पहिली ओळ तीच.
मुलगा चिडायचा, आता कोण येतंय?
शेट म्हणायचे, गंगेकडे आहेत.
ती आली की देऊ.

आली.
दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला त्या दिवशी
भांडीबाजार चढून थेट दुकानात शिरली,
तराजू पालथा केला,
हळदीची दोन पोती, गूळ, खोबरं, कुलपासकट गल्ला,
सगळं उचललं
आणि तिसऱ्या पहाटे निघून गेली.
मागे चिखल, नि तो वास.

मी खोरं घेऊन मदतीला गेलो.
शेट ओट्यावर वहीची पानं सुटी करत बसलेले.
डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं,
बोटाने ओळ चाचपली
आणि मला म्हणाले, लिही:
गोदावरी. बिल्ले सतरा. फिटले.

लिहिलं.
कागद ओला, शाई फुटली.

सोळा लिहायला हवं होतं.
दवंडी दुकानापाशी आली तेव्हा
मी तिथेच उभा होतो, केस ओले,
एक बिल्ला गालात,
म्हणून तोंड उघडलं नाही.